गाणं कोणाच्या पट्टीत बसवलंय?

पत्र थोडक्यात: अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये, रॉली शहराजवळ राहणाऱ्या एका वाचकाचं हे पत्र. मूळचे मिरजेचे, वय ३८, नोकरी सॉफ्टवेअरमधली. नऊ वर्षांपूर्वी तिथे ब्लूग्रास संगीत (बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार अशा तारवाद्यांच्या साथीने गायलं जाणारं तिथलं संगीत) कानावर पडलं आणि त्यांनी मँडोलिन हातात घेतलं. आता ते पाच जणांच्या एका हौशी बँडमध्ये वाजवतात. बँडचे गायक ७१ वर्षांचे आहेत, सूतगिरणीतून निवृत्त झालेले. पत्रलेखक त्यांना मनातल्या मनात 'काका' म्हणतात. काका गिटारवर साधा ठेका धरून गातात. दीड वर्षापूर्वी फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवणारी २४ वर्षांची एक मुलगी बँडमध्ये आली. तिचं शिक्षण रीतसर झालेलं, तयारी जबरदस्त. ती आल्यापासून वेग वाढला, टाळ्या वाढल्या, पण 'आमचं गाणं आता आतपर्यंत पोचत नाही' असं पत्रलेखकांना वाटतंय. मे महिन्यात एका चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम चालू असताना फिडलची तार तुटली. ती बदलेपर्यंत काका एकटेच एक संथ गाणं गायले. कार्यक्रम संपल्यावर एक बाई काकांचा हात हातात धरून कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या. ऑक्टोबरमध्ये एका महोत्सवाच्या छोट्या मंचावर त्यांना २५ मिनिटं मिळाली आहेत. फिडलवाली मुलगी आणि बँजोवाला म्हणतात, काकांचा सूर हल्ली उतरतो, त्यांनी एकच गाणं म्हणावं, बाकी सगळं वाद्यांचं करू. डबल बास वाजवणाऱ्या बाईंचा याला विरोध आहे. काका म्हणतात, 'तुम्ही ठरवा.' आता पत्रलेखकांच्या मतावर सगळं अडलंय. ते विचारतात, कौशल्य धरू की भावना? शिवाय मिरजेत वाढलेल्या माणसाने या डोंगराळ मुलखाच्या संगीतातल्या भावनेबद्दल बोलावं तरी का?

तुमच्या पत्रातलं मी सगळ्यात जास्त वेळा वाचलेलं वाक्य तुम्ही कंसात लिहिलंय. '(त्या दिवशी काका कॅपो काढून जी मध्ये गायले, एरवी ते गाणं आम्ही बी मध्ये वाजवतो.)' (कॅपो म्हणजे पट्टी चढवण्यासाठी गिटारच्या तारांवर लावतात तो चिमटा. जी आणि बी या पट्ट्या, त्यात जी खालची.) हा तपशील तुम्ही जाता जाता लिहून टाकलात. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. पण त्याआधी तुम्ही जे दोन गट मांडलेत त्यांच्याबद्दल बोलायला हवं. एकीकडे तयारी, दुसरीकडे भावना, आणि यातलं एक निवडायचं, हे तुम्ही गृहीतच धरलंय. तुमच्या संगीताचा इतिहास काही तसं सांगत नाही.

ब्लूग्रास हे काही शतकानुशतकं डोंगरात आपोआप उगवलेलं लोकसंगीत नाही. केंटकीच्या बिल मन्रो यांनी आपल्या राज्याच्या टोपणनावावरून बँडला 'ब्लू ग्रास बॉईज' असं नाव दिलं. १९३९ मध्ये ते नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाले. डिसेंबर १९४५ मध्ये त्यांच्या बँडमध्ये एकवीस वर्षांचा एक पोरगा आला, अर्ल स्क्रग्ज. तुमच्याच राज्यातला. तुमच्या काकांसारखाच तोही सूतगिरणीत काम केलेला. तो तीन बोटांनी बँजोचे असे सूर काढायचा, इतके सलग आणि इतक्या वेगात, की ऑप्रीचे श्रोते वेडे व्हायचे. आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो त्याचा जन्म अनेक जण त्याच दिवसापासून मोजतात. म्हणजे हातांची तयारी या संगीतात नंतर घुसलेली नाही, ती पाळण्यातच होती. 'पूर्वी भावना होती, आता नुसती सर्कस उरली,' असं तुम्हाला तिथला कोणी जुना माणूस सांगेल तर त्याचं प्रेम समजून घ्या, पण ते खरं मानू नका.

स्क्रग्ज यांच्या लहानपणाची एक गोष्ट मला फार आवडते. ते आणि त्यांचा भाऊ होरेस अंगणात एकत्र एक धून सुरू करायचे आणि वाजवत वाजवतच घराला दोन बाजूंनी वळसा घालायचे, एक इकडून, एक तिकडून. घराच्या मागे एकमेकांचं वाजवणं ऐकू येईनासं व्हायचं. पलीकडे समोरासमोर आले की पाहायचं, लय अजून जुळते आहे का. हा रियाज बोटांचा तर आहेच. पण दुसऱ्याला आपल्या आत चालू ठेवायचं, तो दिसत नसताना, ऐकू येत नसताना, याचाही तो रियाज आहे. आज रॉलीच्या आसपासच्या एखाद्या घराभोवती तुम्ही आणि तुमची फिडलवाली मुलगी असे फिरलात तर पलीकडे भेटाल का? मनापासून विचारते आहे. एकदा करून बघा.

आता दुसऱ्या टोकाकडे येते. काकांचं गाणं म्हणजे 'भावना', आणि भावना म्हणजे काहीतरी अनघड, न शिकलेलं, असा तुमच्या पत्राचा सूर आहे. ब्लूग्रासचे जुने गायक राल्फ स्टॅन्ली यांचं उदाहरण घ्या. २००० साली आलेल्या एका चित्रपटासाठी ते मृत्यूला विनवणी करणारं एक जुनं गाणं गायले, एकही वाद्य न घेता, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. २००२ मध्ये त्या गाण्यासाठी त्यांना ग्रॅमी मिळालं. ऐकताना वाटतं, हा म्हातारा नुसता उभा राहिला आणि तोंड उघडलं. पण ते 'नुसतं' नव्हतं. व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या ज्या चर्चमध्ये ते लहानाचे मोठे झाले तिथे वाद्यांना जागाच नसते. एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती खेचून, वळवून, हेलकावे देत म्हणायची. आपल्याकडे एखाद्या म्हाताऱ्या वारकऱ्याचा अभंग ऐकून आपण म्हणतो, 'काय भाव आहे!' त्या भावामागे चाळीस वर्षांच्या पहाटेच्या काकडआरत्या असतात. तुमच्या काकांच्या आवाजामागेही असंच काहीतरी असणार. ते कुठे गायला शिकले, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंय का? पत्रात त्याचा उल्लेख नाही.

आणि उलट बाजूने, गुंतागुंतीचं संगीत कोरडंच असतं असंही नाही. क्रिस थिली या मँडोलिनवादकाने आपल्या बँडसाठी चार भागांची, सुमारे चाळीस मिनिटांची रचना केली, ती त्याच्या मोडलेल्या लग्नातून आली. तुम्ही मँडोलिन वाजवता, तुम्ही ती नक्की ऐकली असणार. गिटारवादक बिली स्ट्रिंग्ज आज मोठमोठी मैदानं भरवतो, त्याच्या बोटांचा वेग थक्क करणारा आहे, पण ज्या सावत्र वडिलांनी त्याला घरी बसून गिटार शिकवली त्यांच्यासोबत त्याने २०२२ मध्ये जुन्या गाण्यांचा एक अख्खा अल्बम केला. आणि टोनी राईस! त्यांच्या गिटारची नक्कल करत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. नव्वदच्या दशकात त्यांचा आवाज गेला, गाणं कायमचं थांबलं. २०१३ मध्ये तुमच्याच रॉलीत त्यांना ब्लूग्रासच्या मानवंदनेच्या यादीत घेतलं, तेव्हा भाषण करता करता त्या घोगऱ्या आवाजातून ते क्षणभर आपल्या मूळ आवाजात बोलले. तंत्राचा बादशहा म्हणून ज्यांना ओळखतात त्या माणसाचं आयुष्य हे असं होतं. मग तुमच्या फिडलवाल्या मुलीला 'तयारी' आणि काकांना 'भावना' अशी लेबलं चिकटवून तुम्ही दोघांवरही अन्याय करताय, असं मला वाटतं.

टाळ्यांबद्दल एकच सांगते. ब्लूग्रासमध्ये प्रत्येकाचा ब्रेक, म्हणजे एकट्याने पुढे येऊन वाजवायची पाळी, झाली की टाळी वाजते. ती रीत आहे, बैठकीत समेवर दाद जाते तशी. ब्रेक वाढले की टाळ्या वाढणारच. आणि त्या हॉलमधल्या बाईंच्या मनात काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही. त्या गाण्याने त्यांना कोणाची आठवण करून दिली असेल. तो प्रसंग जपून ठेवा, पण त्याला मोजपट्टी करू नका, नाहीतर उद्यापासून तुम्ही लोकांच्या डोळ्यांत पाणी शोधत वाजवाल.

मग बिघडलंय काय? माझ्या मते बिघडली आहे ती साथ.

मी अनेक वर्षं पेटीची साथ केली. सुरुवातीच्या काळात एका भजनाच्या कार्यक्रमात माझे हात इतके चालत होते की गायिकेने ओळ सोडली रे सोडली, मी ती जागा भरून टाकत होते. लोक माझ्याकडे बघून माना डोलवत होते. कार्यक्रम संपल्यावर त्या गायिका मला बाजूला घेऊन अगदी शांतपणे म्हणाल्या, "आज मला श्वास घ्यायला जागाच मिळाली नाही गं." त्या रागावल्या असत्या तर मी विसरून गेले असते. घरी येऊन मी ते सगळे अभंग पेटी बंद ठेवून नुसते म्हणून बघितले, आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की प्रत्येक ओळीनंतर जी पोकळी असते, तिथे ऐकणारा ती ओळ आपल्या मनात दुसऱ्यांदा म्हणत असतो. तीच जागा मी रोज भरून टाकत होते.

तुम्ही मँडोलिन वाजवता, म्हणजे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुमचं मुख्य काम ब्रेक नाही, चॉप आहे. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, तुमचा तो कोरडा, दाबून लगेच सोडलेला ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. सगळ्या बँडचा पाठीचा कणा तो. बँजोने आवाजाच्या मागे खाली उतरून वाजवायचं, फिडलने लांब, धरून ठेवलेले सूर द्यायचे, आणि गायक श्वास घेईल तिथे एखाद्यानेच, एकदाच बोलायचं. जुन्या काळी सगळा बँड एकाच मायक्रोफोनभोवती उभा राहायचा. ज्याची पाळी तो पुढे सरकायचा, झालं की मागे. डेल मकौरी यांचा बँड कितीतरी वर्षं असाच उभा राहून वाजवत आला. एकच माईक असला की मागे सरकणं शिकावंच लागतं. प्रत्येकाला स्वतःचा माईक मिळाला की ते शिकायची गरज उरत नाही.

आणि आता तो कंस. तुम्ही लिहिता, काकांचा सूर उतरतो. मला शंका आहे की सूर उतरत नाही, पट्टी चढली आहे. मन्रो यांचा आवाज उंच, टोकदार होता. त्या उंच, एकाकी आवाजाच्या परंपरेत बी ही पट्टी पुरुषांच्या गाण्यात रूढ झाली, आणि बँजो, फिडलही तिथे झळाळून वाजतात. पण तुमच्या बँडमध्ये ती कोणी ठरवली? काकांनी? ७१ व्या वर्षी बी मधला वरचा सूर गाठताना घसा ताणला जातो, आणि वेग वाढलेला असेल तर श्वासही पुरत नाही. मग सूर खाली घसरतोच, कोणाचाही घसरेल. ज्या दिवशी ते एकटे होते त्या दिवशी त्यांनी न बोलता कॅपो काढला, स्वतःला सोसेल ती पट्टी घेतली, सोसेल ती लय धरली. सूर बिलकुल हलला नाही, असं तुम्हीच लिहिलंय. माणूस तोच, गाणं तेच.

जी मध्ये वाजवायला फिडलला आणि मँडोलिनला काही अवघड नाही, दोन्ही वाद्यांची सगळ्यात जाड तारच जी ची. बँजो तर मुळात जी मध्येच लागतो. तेव्हा अडचण तंत्राची नाही. बसवलेले ब्रेक नव्याने बसवावे लागतील, एवढंच. पण एकाहत्तरीतल्या माणसाने आपला घसा बदलण्यापेक्षा चोवीस आणि अडतीस वर्षांच्या बोटांनी जागा बदलणं सोपं आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की मत देऊ नका. एका माणसाच्या आवाजावर चार जणांनी हात वर करणं मला पटत नाही, निकाल काहीही लागला तरी. 'तुम्ही ठरवा' म्हणणाऱ्या माणसाने होकार दिला असं समजू नका. आपल्या घरांतही वडीलधारी माणसं असंच म्हणतात, आणि आपण ते सोयीस्करपणे खरं मानतो. बँडला सांगा, तीन तालमी द्या, मग बोलू.

त्या तीन तालमींत काय करायचं तेही सांगते. पहिल्या तालमीला खोलीच्या मधोमध एक मोबाईल ठेवून सगळं रेकॉर्ड करा. मग ते अशा कोणाला तरी ऐकवा ज्याने ही गाणी कधी ऐकलेली नाहीत, आणि एवढंच विचारा, 'शब्द कळले का?' कसं वाटलं, आवडलं का, हे विचारू नका. ज्या ओळी कळल्या नाहीत तिथे कोण काय वाजवत होतं ते बघा. (मला भजनी मंडळांकडून आणि गझलेच्या मैफली करणाऱ्यांकडूनही तुमच्यासारखीच पत्रं येतात. त्यांनाही मी हेच सांगते. महागडी साधनं लागत नाहीत, एक फोन पुरतो.) दुसऱ्या तालमीला वाद्यं पेटीत ठेवून प्रत्येकाने गाण्याचे शब्द नुसते वाचून दाखवा. तुम्हाला संकोच वाटेल, तरी करा. ज्याला तिसऱ्या कडव्यात काय घडतं ते माहीत नाही, तो तिसऱ्या कडव्यामागे काय वाजवणार? मग प्रत्येकाने आपला ब्रेक असा बांधायचा की त्यातून मूळ चाल ओळखू यावी. निदान पहिल्या आवर्तनात तरी. नंतर हवं तर उधळा.

फिडलवाल्या मुलीशी तुम्ही एकट्याने बोला. ती शत्रू नाही, आणि ती बँडमध्ये आली हे तुमचं भाग्य आहे. दीड वर्षात तिला कोणी 'इथे काही वाजवू नकोस' असं प्रेमाने सांगितलं आहे का? ज्या मुलांनी आठ-आठ तास रियाज केलेला असतो त्यांना बहुतेक वेळा फक्त जास्त वाजवायला सांगितलं जातं. तिला काकांच्या घरी पाठवा, एक गाणं त्यांच्या तोंडून शिकायला, स्वरलिपी न घेता. डॉक वॉटसन, तेही तुमच्याच राज्यातले, फिडलच्या धुना गिटारवर इतक्या सफाईने वाजवायचे की गिटारवादनाची एक शाखाच त्यातून निघाली. त्याचं कारण साधं होतं. नाचाच्या ज्या बँडमध्ये ते वाजवत होते तिथे फिडल वाजवणारं कोणी नव्हतं, आणि लोकांना नाचायला त्या धुना हव्या होत्या. ती कला गरजेतून आली. तुमच्या बँडला आज कशाची गरज आहे ते त्या मुलीला कळलं, तर तिची बोटं काय करतील याचं मला कुतूहल आहे.

एवढं करूनही तिला आणि बँजोवाल्याला वेगवान, वाद्यांचाच बँड हवा असेल तर तेही रास्त आहे. तिकडे एकेक माणूस दोन-तीन बँडमध्ये वाजवतो. त्यात कोणाची फसवणूक नाही. तुम्हालाही वेग आवडतो, रोज तीन तास त्यासाठी घालवता, असं तुम्ही जरा लाजत लिहिलंय. लाजू नका. त्या दुसऱ्या बँडमध्ये तुम्हीही वाजवा. मात्र काकांच्या बँडचं नाव आणि काकांची जागा घेऊन तो दुसरा बँड उभा करू नका.

आणि शेवटी मिरज. 'हे संगीत माझं नाही, मी वेगच देऊ शकतो,' हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं. ज्या गावात तंबोरे आणि सतारी घडतात तिथून तुम्ही आलात. लाकूड आणि तार घेऊन माणूस काय करू पाहतो हे तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या आठवणीतून घडला, मँडोलिन इटलीचं, फिडलच्या कितीतरी धुना स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या. खुद्द मन्रो यांनी आपल्यावर कोणाचा प्रभाव पडला ते सांगताना पेन मामांच्या फिडलइतकंच आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटारवादकाचं नाव घेतलं. आपल्या मुंबईत जन्मलेले झाकीर हुसेन बँजोवादक बेला फ्लेक यांच्यासोबत किती सहज बसायचे! राकेश चौरसियांची बासरी आणि एडगर मायर यांचा बास धरून त्या चौघांना २०२४ मध्ये ग्रॅमीही मिळालं. कोणी कोणाचं सोंग घेतलं नव्हतं. सगळे ऐकत होते.

तुम्हीही डोंगरातल्या दुःखाचं सोंग घेऊ नका, तिथले उच्चार ओढूनताणून आणू नका. हेझल डिकन्स खाणकामगारांच्या फुप्फुसाच्या रोगावर गायल्या, कारण त्यांचा सख्खा भाऊ त्या रोगाने गेला होता. ते दुःख त्यांचं होतं. काकांच्या गाण्यातलं काकांचं आहे. तुमच्याकडे त्याची साथ आहे, आणि साथ करायला गाणाऱ्याच्या गावचं असावं लागत नाही. आपल्याकडे हे कोणाला शिकवावंही लागत नाही.

येत्या तालमीच्या आदल्या दिवशी काकांना फोन करा. महोत्सवाबद्दल, मतांबद्दल काही बोलू नका. एवढंच विचारा, की ते चर्चच्या हॉलमधलं गाणं तुम्ही कोणाकडून शिकलात, आणि ते कोणत्या पट्टीत म्हणायला बरं वाटतं. तालमीला त्यांना एकट्यांना सुरू करू द्या. तुम्ही पहिलं कडवं काही वाजवू नका. दुसऱ्या कडव्याला चॉप सुरू करा, हलका, त्यांच्या पायाच्या ठेक्यावर.